नावाचं कडवं

केरू गोताडचं अक्षर इतकं देखणं, की त्याने लिहिलेला अर्ज नामंजूर करताना कचेरीतला कारकूनही जरा अडखळायचा. पालीजवळच्या वाडीतून सकाळच्या एसटीने तो रत्नागिरीला यायचा, कलेक्टर कचेरीबाहेर बाकडं टाकायचा आणि पाच वाजेपर्यंत लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवायचा. गणपती आले की बाकडं बंद. मग केरू आमच्या जाखडीचा बुवा व्हायचा. पायांत चाळ बांधून गडी गोल नाचतात, मधे ढोलकी आणि झांज, आणि बुवा गातो, ती जाखडी.

आमच्याकडे या गाण्यांची एक रीत आहे. शेवटचं कडवं नावाचं. आधी वस्तादाच्या वस्तादांची नावं, मग ज्याने कवन बांधलं त्या वस्तादाचं, मग गावाचं, आणि सगळ्यांत शेवटी, उरली जागा तर, गाणाऱ्या बुवाचं. ही कवनं कुणी छापत नव्हतं. नाव राहणार ते गाण्यातच. ते कडवं न गाता बुवा खाली बसला, तर समोर चढाओढीला बसलेलं मंडळ उभं राहून 'चोरीचं गाणं, चोरीचं गाणं' म्हणून बोंब मारणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

ब्याऐंशीच्या गणपतीनंतर मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने केरूच्या मंडळाला ध्वनिमुद्रणाला बोलावलं. सगळी कवनं आप्पा मांडवकरांची. आप्पा म्हणजे केरूचे वस्ताद, वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोळ्यांनी अधू, पण कान असे की अंगणात कोण आलं ते पावलावरून सांगायचे. कॅसेट निघाल्यावर मंडळाने आप्पांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, टेपरेकॉर्डर लावला. गाणं झालं, चाळ थांबले, खट्‌कन आवाज झाला. आप्पा मांडीवर ताल धरलेला हात तसाच ठेवून वाट बघत राहिले.

"नावाचा कडवा कुटं गेला रं?" त्यांनी विचारलं.

"कंपनीवाल्यांनी कापला, वस्ताद," केरू म्हणाला.

आप्पांनी मांडीवरचा हात काढून घेतला. त्यानंतर त्यांनी नवं कवन बांधलं नाही. गणपती तोंडावर आले तरी नाही. त्यांची बायको काशी म्हणायची, "गप बसून असतत. काय सुचत नाय म्हंतत." मंडळ जुनी गाणी ओढत राहिलं.

अशात चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या बाकड्याशी कारखानीससाहेब येऊन उभे राहिले. पांढरा सफारी, हातात चामडी बॅग. पूर्वी ते निवडणुकीत उमेदवारांची भाषणं लिहून द्यायचे, आता कॅसेट कंपन्यांच्या संघटनेने त्यांना नेमलं होतं. बाजारात नकली कॅसेटींचा सुळसुळाट झालेला. त्यावर दिल्लीत कडक कायदा व्हावा म्हणून खासदार-मंत्र्यांना भेटणं, पटवणं, त्यांच्या मागे लागणं, हे यांचं काम. माणूस वाईट नव्हता. मनात असेल ते तोंडावर सांगायचा.

"कंपन्यांनी मागितलं तर दिल्लीत कोण ऐकतो, केरूबुवा? गरीब कलावंताने मागितलं तर ऐकतात. मला तुमच्या जिल्ह्यातल्या शाहिरांच्या सह्या हव्यात."

"देतो," केरू म्हणाला. "पण निवेदनात एक मागणी माझी घाला. गाणं ज्याने बांधलं त्याचं नाव कॅसेटीवर छापायचं, आणि नावाचं कडवं गाळायचं नाही."

"बघू," साहेब म्हणाले.

कचेरीच्या दारात वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ कुणी सांगायला नको. तरी केरूने काम घेतलं. हा कायदा होईल तेव्हा होईल, पण आप्पांचं नाव कॅसेटीवर आणायची एवढी एकच वाट त्याला दिसत होती आणि ती सोडायची नाही, असं त्याने मनाशी धरलं. मे महिन्यात मुंबईकर गावी आलेले असतात, मंडळं भरलेली असतात. पावस गावापासून संगमेश्वरपर्यंत एसटीने, नाहीतर पायी, त्याने वाड्या पालथ्या घातल्या. त्याची बायको चिमा वैतागून म्हणाली, "आंबं काडायचं सोडून ह्यो सया गोळा करीत फिरतोय." त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला.

साहेबांच्या लॉजवर कागद पसरले तेव्हा खरी गंमत झाली.

"हे हरी धोंडू शाहीर कुठे भेटतील?" साहेबांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते वारले. चाळीस साली."

"आणि हे गणू वस्ताद?"

"ते तर त्यांच्याही आदी."

साहेबांनी भराभर पानं उलटली. प्रत्येक ओळीत आधी एक नाव, मग दुसरं. आमच्या बुवांना कुणी 'नाव लिहा' म्हटलं, की ते आधी वस्तादाचं नाव लिहिणार, मग स्वतःचं. गाण्यात जशी रीत, तशीच कागदावर. अंगठेवाल्यांनीही आधी वस्तादाचं नाव लिहायला लावून मग अंगठा उठवला होता. केरूच्या ते ध्यानातही आलं नव्हतं, कारण स्वतःच्या ओळीत त्यानेही आधी 'आप्पा मांडवकर' असंच लिहिलं होतं.

"मेलेल्या माणसांची नावं घेऊन मी खासदारांपुढे जाऊ? माझी अब्रू जाईल!" साहेब कडाडले. "उद्या दहाला ते विश्रामगृहात येणार आहेत. तुमचं अक्षर चांगलं आहे. बसा, नुसत्या जिवंत माणसांची यादी लिहून काढा."

"नाय लिहिणार."

"काय?"

"साहेब, चोर पकडायला कायदा मागताय ना? मग माल कुणाचा ते आधी लिहायला नको? ह्या कागदावर तेच लिहिलंय."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, मला कंपन्या पोसतात. आज तुमचं नाव छापलं, तर उद्या तुम्ही वाटा मागाल. ते त्यांना नकोय. म्हणून तुमची मागणी निवेदनात घातलेली नाही. खरं ते सांगितलं."

केरूने कागद गोळा केले, पिशवीत घातले. "मीबी खरं तेच सांगतो. मागणी असेल तर कागद मिळतील. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून विश्रामगृहात हजर झाला. खासदार बाहेरगावचे, संसदेच्या कुठल्याशा समितीवरचे. निवेदन टाईप करून टेबलावर ठेवलेलं होतं. केरूने उभ्याउभ्या वाचलं, त्यात त्याची मागणी नव्हतीच. त्याने पिशवी काखेत घट्ट धरली. साहेब हसतमुखाने पुढे झाले. "हे आमचे लोककलावंत."

"वा! म्हणा काहीतरी," खासदार घड्याळाकडे बघत म्हणाले. "पण दोन मिनिटांत हं. गाडी उभी आहे."

दोन मिनिटांत जाखडीचं अख्खं गाणं कुणाच्याने होत नाही. त्याने कानावर हात ठेवला आणि नुसतं शेवटचं कडवं उचललं. गणू वस्ताद, हरी धोंडू, आप्पा मांडवकर, पाली गाव. स्वतःचं नाव सोडून दिलं.

"ही तर नुसती नावंच झाली," खासदार म्हणाले. "गाणं कुठंय?"

"गाणं कॅसेटीवर आहे साहेब. बाजारात मिळतं. एवढंच मिळत नाय."

खासदारांनी कारखानीसांकडे बघितलं. कारखानीस टेबलाकडे बघू लागले. मग खासदारांनी स्वतःचं पेन काढून केरूच्या हातात दिलं. "काय मागणी आहे ती लिहा खाली."

केरूने लिहिलं. 'कंपनीने कडवं गाळलं' इथवर आल्यावर त्याचा हात थांबला. त्याने ते शब्द खोडले आणि पुढची मागणी पुरी केली. एवढ्या वर्षांत त्याने लिहिलेल्या अर्जात खाडाखोड झाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कागदांची पिशवी त्याने टेबलावर ठेवली आणि तो बाहेर पडला.

दिवाळीच्या सुमारास कायदा कडक झाल्याची बातमी आली. कॅसेटीवर नाव छापणं आता सक्तीचं झालं होतं. ज्याने मुद्रण केलं त्याचं नाव आणि हक्क ज्याच्याकडे त्याचं. म्हणजे कंपनीचंच. गाणं बांधणाऱ्याचा त्यात पत्ता नव्हता. केरूने बातमी दोनदा वाचली, बाकडं उचललं आणि दुपारच्याच एसटीने घरी न जाता तडक आप्पांच्या खळ्यात गेला.

आप्पा सुपारी चघळत बसले होते. केरूने कायद्याचं सांगितलं. मग तो त्यांच्यासमोर खाली बसला.

"वस्ताद, कडवा कंपनीनं कापला नव्हता. मुंबईत काचेपल्याडच्या माणसानं हात केला, फीत संपत आली म्हणून. मी घाबरलो नि गायलोच नाय. तुमचं नाव मी खाल्लं."

"ठावं हाय मना," आप्पा म्हणाले.

केरूने मान वर केली.

"कापलेलं गाणं मदीच तुटतं. तू दम घेऊन, सम धरून थांबलेला हायस. येवढा कळत नाय व्हय मना? दोन वर्सं वाट बघतोय, तू कदी सांगशील त्याची."

केरू ढसाढसा रडला. अंगणात काशी उभी होती, शेजारची गोदा उभी होती, त्याला कशाचीच लाज वाटली नाही. दोन वर्षं त्याने कंपनीशी, कायद्याशी, खासदाराशी झगडा मांडला होता, आणि या म्हाताऱ्याला फक्त त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

"रड मागनं," आप्पा म्हणाले. "कागद हाय का पिशवीत? काड. नवा कवन सांगतो."

केरूने डोळे पुसून कागद काढला. आप्पांनी घसा खाकरला आणि आधी नावाचंच कडवं सांगितलं. दोन वस्तादांची नावं झाली, आणि तिसरं, कवन बांधणाऱ्या वस्तादाचं नाव त्यांनी स्वतःचं न घालता केरूचं घातलं.