सोमवारच्या तिसऱ्या

मंडळी, दुपारपासून मान वर करवत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मांद्र्यात आमच्या घराला लागूनच पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. आज पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी मी वाईन चाखायचा कार्यक्रम ठेवला. वाईन पांढरी, इटलीच्या सार्डिनिया बेटावरची. लिंबाच्या सालीसारखा वास आणि शेवटी जिभेवर किंचित खारटपणा. समुद्राकाठची वाईन, तेव्हा सोबत तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकंच हवं, असं मी ठरवून टाकलं आणि आईला करायला सांगितलं.

पहिल्याच घासाला सगळ्यांनी वाईन सोडून पाण्याचे ग्लास उचलले. तिसऱ्या तोंडात धरवत नव्हत्या इतक्या खारट!

मी लगेच हसून म्हटलं, "सॉरी हं, आमच्या स्वयंपाकाच्या बाईंचा आज अंदाज चुकला."

मागे दारात आई सोलकढीचा तांब्या घेऊन उभी होती. तांब्या टेबलावर ठेवून ती गुपचूप आत गेली.

तेव्हा कुठे मला आठवलं, आज सोमवार. आई सोमवारी मासळी तोंडाला लावत नाही. तिसऱ्यांना स्वतःचंच मीठ असतं, चाखल्याशिवाय कळत नाही. तिने नुसत्या वासावर केलं, कारण वार मी ठरवला होता.

भांडी आवरताना तीच म्हणाली, "बाबू, फाल्या मंगळवार. चाखून करून देतंय, वाढ त्यांका."

मी मान खाली घालून ताटं पुसत राहिलो.

पाहुण्यांना सॉरी म्हणताना माझी जीभ जराही अडली नव्हती. तुमच्या घरी आईला सॉरी कसं म्हणतात हो?