कुंपणापलीकडचा श्रोता

लॉकडाउनच्या दुसऱ्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातले आम्ही काही मराठी पुरुष दर रविवारी दुपारी अमेरिका चालवत असू. घरापासून थोड्याच अंतरापलीकडे जायची परवानगी नव्हती. पेंडल हिल, ब्लॅकटाउन, हॅरिस पार्क अशा आपापल्या ठिकाणी अडकून आम्ही व्हिडिओ कॉलवरून अमेरिकेच्या अध्यक्षांना सल्ले देत होतो. तिथे आमच्यापैकी एकालाही मत नव्हतं. इथे ज्यांना होतं ते, न दिल्यास दंड होतो म्हणून देत. मतदानाच्या दिवसाची आमची आठवण म्हणजे शाळेच्या मैदानात पावात गुंडाळून मिळणारं सॉसेज.

अमेरिकाच का, हे कुणी बोलत नसे. बहुतेकांनी आधी तिथलाच व्हिसा मागितला होता आणि तो मिळाला नव्हता. नकार दिलेल्या मुलीचा संसार कसा चाललाय याची आयुष्यभर चौकशी करणारे लोक असतात. आम्ही तसे होतो.

नियम मात्र पुण्याच्या कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेचे. बाजू चिठ्ठी टाकून ठरायची. वेळ संपत आली की घंटेचा एक टोला, संपली की दोन. वेळ मी पाहायचो, आमच्या देवघरातली घंटा हातात घेऊन. बायको वृद्धांच्या केंद्रात काम करायची. तिला लॉकडाउन नव्हता. शिफ्टला निघताना म्हणायची, "घंटा जागेवर ठेव. देव बघायला येत नाहीत, पण मी येते."

अर्थकारणाच्या रविवारी ब्लॅकटाउनच्या मित्राने अमेरिकेने वाटलेल्या मदतीच्या चेकवर आग ओकली. "फुकट पैसे वाटले की माणूस आळशी होतो!"

त्याचं स्वतःचं कॅफे बंद होतं आणि सरकारी मदत खात्यात येत होती. कुणीतरी विचारलं, "मग तुला मिळतात ते काय रे?"

"ते वेगळं. मी टॅक्स भरलाय, मेट!"

आम्ही हसलो, आणि तो जिंकला. आमच्यात खरं बोलण्याला मार्क नव्हते, ठासून बोलण्याला होते.

मग काबूल पडलं. विषय आयताच मिळाला: दहशतवादाविरुद्धचं युद्ध संपवून अमेरिकेने सैन्य मागे घेतलं ते योग्यच. माझी चिठ्ठी निघाली 'बाजूने'. त्या दिवशी हॅरिस पार्कच्या मित्राचा दिल्लीवाला शेजारी पाहुणा होता, म्हणून सगळे हिंदीत बोलत होते. छान ऊन पडलं होतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन बॅकयार्डमध्ये बसलो. माझी वेळ ब्लॅकटाउनचा मित्र चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजवून पाहत होता. शेवटचं वाक्य मी राखून ठेवलं होतं. "जो मुल्क अपने लिए नहीं लड़ सकता, उसके लिए दूसरे क्यों मरें?" पडद्यावर टाळ्या पडल्या. पहिला नंबर मला. बक्षीस, लॉकडाउन उठल्यावर हॅरिस पार्कची जिलेबी.

लॅपटॉप मिटवतोय तोच लाकडी कुंपणापलीकडून आवाज आला. "भाईजान, आप बहुत अच्छा बोलते हैं."

शेजारी अफगाण होता, फरशी बसवायचं काम करायचा. इतक्या वर्षांत आमचं बोलणं कचऱ्याचे डबे आणि लॉनमोवर यापलीकडे गेलं नव्हतं. हिंदी तो सिनेमे पाहून शिकलेला. कुंपणावरून त्याचा चेहरा दिसला, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"बीवी ने खिड़की बंद कर दी," तो म्हणाला. "मैंने पूरा सुना."

"वो तो... चिठ्ठी में आया था," मी म्हणालो. असं उत्तर आमच्यासारख्यालाच सुचू शकतं. त्याला ते कळलं नाही, आणि त्याने ते समजून घेण्यात वेळही घालवला नाही. त्याची बहीण दोन मुलींना घेऊन काबूलच्या विमानतळाबाहेर उभी होती. व्हिसाचे कागद ऑस्ट्रेलियाकडे गेले होते, उत्तर नव्हतं. इथल्या खासदाराच्या ऑफिसने विचारणा केली तर काही हलेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"मेरी अंग्रेज़ी टूटी हुई है. आप बोलेंगे?"

बोलेन म्हणालो. आपला खासदार कोण, हे मला माहीत नव्हतं.

ग्रुपवर फोन करून विचारलं. अमेरिकेतल्या कुठल्या राज्यात कोण किती मतांनी हरला हे पाठ असलेल्या माणसांना विचारलं.

"तो चष्मेवाला ना?"

"अरे, तो स्टेटचा. फेडरलचा वेगळा."

"लोकल पॉलिटिक्स फार बोअर आहे रे इथलं."

आणि हॅरिस पार्कचा मित्र आवाज खाली आणून म्हणाला, "तू कशाला पडतोस यात? आपली सिटिझनशिप पेंडिंग आहे. अफगाण मॅटरमध्ये नाव नको."

दुपारच्या वादात दहशतवाद मुळासकट उखडायला निघालेला हाच.

शेवटी नाव इंटरनेटवर सापडलं. सोमवारी सकाळी मी कुंपणापाशी उभा राहून, स्पीकर चालू ठेवून फोन लावला. पलीकडे तो, त्याच्यामागे त्याची बायको. रात्री मी भाषण तयार केलं होतं. माणुसकी, दोन देशांचं नातं, ऑस्ट्रेलियाचं नैतिक कर्तव्य, सगळं होतं त्यात. ऑफिसातल्या मुलीने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "सर, त्यांचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख?"

मी ते विचारलंच नव्हतं. मुलींची नावंही नाही. बहीण आता विमानतळाच्या कुठल्या दरवाज्यापाशी उभी आहे, तिच्याजवळ फोन आहे का, काही नाही. मुद्दे होते, माणूस नव्हतं.

मी फोन कुंपणावरून पलीकडे दिला. त्याने तुटक्या इंग्रजीत एकेक अक्षर सांगितलं. ऑफिसातली मुलगी लिहून घेत होती. मध्ये एका जन्मतारखेशी तो अडला, ती बायकोने सांगितली. मी अलीकडे मोकळ्या हाताने उभा.

बहिणीला विमान मिळालं नाही. काही महिन्यांनी ती मुलींना घेऊन रस्त्याने सीमेपलीकडे गेली, आणि अजून तिथेच वाट पाहते आहे. आमच्या फोनची एक पोच आली, बाकी काही नाही.

पण त्या फोननंतरच्या रविवारी मी कॉलवर होतो. विषय होता, पुढची निवडणूक जुने अध्यक्ष लढवतील का. माझी पाळी आली तेव्हा चिठ्ठी बाजूला ठेवून मी शेजाऱ्याच्या बहिणीचं नाव घेतलं. मुलींची घेतली. एवढ्यातच पेल्यावर चमचा वाजला. एकदा, लगेच दुसऱ्यांदा.

"विषयाला धरून बोल रे, सेंटी नको," ब्लॅकटाउनचा मित्र म्हणाला. "मार्क कसे द्यायचे?"

कुंपणापलीकडची खिडकी उघडी होती. मी कॉल बंद केला नाही. रागावलोही नाही. देवघरातली घंटा उचलली, घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्याला म्हणालो, "हं, तुझी वेळ सुरू."