विमानाची गोधडी

त्या मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नाशिकजवळच्या एका हँगरमध्ये मी रंगकाम करतो. तिथल्या चार जणांच्या छोट्या विमानाला आतून अस्तर लावायचं होतं, इंजिनाचा आवाज आणि वरची थंडी आत येऊ नये म्हणून. ते शिवायला मावशी निफाडहून आल्या. जन्मभर त्यांनी गोधड्याच शिवलेल्या.

विमानाच्या उघड्या बरगड्यांमध्ये त्या मांडी घालून बसत आणि चंदेरी कापडात फोमचा थर घालून टाके घालत. दुपारचं ऊन त्या कापडावर पडलं की छतावर पाणी हलल्यासारखं दिसे. मी हातातला ब्रश विसरून बघत बसे.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या टाक्याआधी त्या थांबत, भाकरीचा एक घास खात, आणि मगच शिवण बंद करत.

"हे काय हो, मावशी?"

"गोधडीच्या पोटात आम्ही भाकरीचा तुकडा ठिवतो. तिला उपाशी शिवत नाय. पन साहेब म्हनले, हितं मुंग्या लागतील. मंग तिच्या वाटचं मीच खाते."

इंजिनाचा आवाज कमी झाला नाही, तर सगळं उसवायचं असं हँगरच्या साहेबांनी बजावलं होतं. पाचव्या दिवशी विमान एक फेरी मारून आलं. आम्ही सगळे दाराकडे बघत उभे. विमानाचे मालक मागच्या सीटवरून डोळे चोळत उतरले.

"माफ करा," ते ओशाळून म्हणाले, "आत ऊब इतकी आणि आवाज इतका कमी, डोळाच लागला."

मावशींनी रिकामा डबा पिशवीत टाकला.

"म्हंजी पोट भरलं तिचं."