सिनेमात मेलेल्या सुनंदाकडे जेवण

त्र्यंबकचे डोंगर ओलांडून गाडी मोखाड्याच्या वळणांना लागली, तेव्हा माझी नात रेवा हळूच म्हणाली, "आजी, शेवटी मी त्या पोरीला मारलंय."

मी चिंच चोखत होते, ती चिंचोक्यासकट गिळली. रेवाचा सिनेमा खऱ्या घटनेवरचा. मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरच्या (छोट्या वस्तीवरच्या) ठकीबाई खूप वर्षांपूर्वी ऐन पुरात, आजारी लेकीला पाठीला बांधून जव्हारच्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या होत्या. लेक वाचली, शिकली. आज ती जव्हारला शाळेत बाई आहे, ठकीबाई तिच्याकडेच असतात.

"अगं, त्या सुनंदाकडेच आपण जेवायला चाललोय ना?"

"हो. सिनेमाही तिथेच दाखवायचाय. ठकीबाई हो म्हणाल्या, तरच तो बाहेर दाखवीन, असा शब्द दिलाय मी."

"मग मारलीस कशाला?"

"जगली तर लोक रडत नाहीत, आजी."

मला बोलायला तोंड नव्हतं. विशीत मी पर्समध्ये दोन रुमाल घेऊन सिनेमाला जायची. शेवटी कोणी मेलं नाही, तर तिकीट फुकट गेलं म्हणून हिरमुसायची. वर स्वतःला रसिक म्हणवायची!

मोखाड्यात चहाला उतरलो. भात कापून झालं होतं, उतारांवर खुरासणी पिवळी फुलली होती. चहावाल्याने रेवाला ओळखलं. "टँकरनं पाऊस पाडला त्या मॅडम ना? आषाढात या की. फुकट भिजवतो."

जव्हारला आधी शिरपामाळावर गेलो. महाराजांचा मुक्काम झाला म्हणतात, ती ही टेकडी. एक गृहस्थ बायकोला सांगत होते, "महाराज इथंच उभे होते." ती जरा पुढे सरकून म्हणाली, "इथं. तिथून दरी कुठं दिसते?" दोघांनीही आपापल्या जागी फोटो काढून घेतले.

सुनंदाने नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा वाढला. लॅपटॉप धान्याच्या कणगीला टेकवून सिनेमा सुरू झाला. पुरातून निघालेली आई काठावर चढली, ती कोरडी ठणठणीत.

"लवकर वाळली गो!" ठकीबाई हसल्या. "आन पाठीवरची पोर काखेत कवा आली?"

रेवा लाजली. मग शेवट आला. पडद्यावरच्या पोरीने डोळे मिटले.

हातात भाकरी घेतलेली सुनंदा थबकली. "मी मेले? मग ही भाकरी कोण वाढतंय तुम्हाला?"

आम्ही हसलो. ठकीबाई हसल्या नाहीत.

"एवढी चालले, ती पोर मारायला काय? पाय फुटला तरी बसले नाय. ह्या नको दाखवू."

रेवाने ताट सरकवलं. मला काहीतरी शहाणपणाचं सुचत होतं, पण नशिबाने तोंडात ठेचा होता.

"मग शेवटी काय दाखवू, ठकीबाई?" रेवाने विचारलं.

ठकीबाईंनी अंगणातल्या स्कूटरकडे मान केली. "हिच्या मागं बसून मी बाजारात जाते. ता दाखव."

दुसऱ्या दिवशी, ठकीबाई पुरात चालल्या होत्या त्याच वाटेवर शूटिंग झालं. पुढे सुनंदा, मागे ठकीबाई, लेकीच्या पोटाला घट्ट धरून. दोनदा चित्रण झाल्यावर रेवा ओरडली, "अहो, यांच्या डोक्यात फूल कुठून आलं? पहिल्या वेळी नव्हतं! पुन्हा घेऊ."

"मी माळलं आईला मघाशी," सुनंदा म्हणाली.

"आता पुरे," ठकीबाई म्हणाल्या. "कोंबड्या कोंडायच्यात."

तेव्हा सिनेमा पाहाल आणि ठकीबाईंच्या अंबाड्यात मध्येच झेंडू उगवलेला दिसेल, तर चूक सापडली म्हणून रेवाला कळवू नका. तिला ठाऊक आहे. तिने ती मुद्दाम ठेवली आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत मी तो शेवट पाहिला. रुमाल लागला. आणि कोणीही मेलं नव्हतं.