उघडा कान

शून्यमामाचं खरं नाव त्याच्या भाचीलाही चटकन आठवायचं नाही. तो ध्वनिमुद्रक. गाणं पुरं झालं की त्यातला एकेक आवाज सुटा करून त्याची वेगळी फाइल काढायचा. त्या फाइलींना स्टेम म्हणतात. प्रत्येक स्टेम शून्य सेकंदापासूनच निघाला पाहिजे, हा त्याचा हट्ट. बासरी दोन मिनिटांनी येणार असेल, तरी आधीची दोन मिनिटं रिकामी ठेवायची, म्हणजे सगळ्या फाइली कुठेही बिनचूक जुळतात. हे त्याने भाचीला इतक्यांदा ऐकवलं, की तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

आईच्या गाण्याचे स्टेम तिने काढले ते रिकामी जागा छाटूनच. आठवड्याभरात कॉम्प्युटरच्या डिस्कने मान टाकली. मूळ जुळलेलं गाणं त्यात गेलं; पेनड्राइव्हवर उरल्या त्या नऊ छाटलेल्या फाइली. एकत्र वाजवल्या तर नुसता गोंधळ. आणि मधल्या काळात घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज कायमचा गेलेला. पुन्हा गाणार कोण?

"मामा, माझ्या हातून घात झाला," ती रडकुंडीला आली.

"रड नंतर. आधी ताईचा आवाज लाव."

मामा डोळे मिटून बसला. दोन ओळींच्या मधे, जिथे भाचीला काहीच ऐकू येत नव्हतं, तिथे त्याने बोट उचललं. "ही बघ बासरी."

तिने आवाज शेवटपर्यंत वाढवला. खरंच होती. आई गाताना हेडफोन एका कानावरून सरकवायची, आणि आतलं संगीत बाहेर गळून तिच्या माइकमध्ये शिरायचं. या खोडीपायी मामा बहिणीशी तीस वर्षं भांडला होता. आता त्याच गळतीवर त्याने आधी बासरी बसवली, मग गिटार, मग ड्रम. दुपारपर्यंत नऊच्या नऊ फाइली जागेवर. भाची नुसती त्याच्या कानांकडे बघत राहिली; चांगले सुपाएवढे होते, तिने आजवर त्यांची फक्त थट्टाच केली होती.

संध्याकाळी आई ऐकायला आली. हेडफोन चढवला आणि सवयीने एक बाजू कानामागे सारली. मग जीभ चावून भावाकडे पाहिलं.

"राहू दे, ताई," मामा म्हणाला. "तसाच राहू दे."