डेकवरचा लाल ठिपका

मी कापसाचा ग्रेडर होतो. वरोऱ्याच्या खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची आणि प्रत्येक गाडीतल्या कापसात मी कोपरापर्यंत हात खुपसायचो. वरचा पांढराशुभ्र कापूस कोणीही दाखवतो. खालचा ओला आहे का, हे हात आत घातल्याशिवाय कळत नाही. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी भाजीच्या पातेल्यातही तळापर्यंत डाव घालून बघतो. बायको म्हणायची, "तुमाले देवानं प्रसाद देल्ला तरी तुम्ही खालून पाहान." मला त्यात काही गैर वाटत नसे. फसणारी माणसं मला बावळट वाटत, आणि मी बावळट नव्हतो.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी जुनी मारुती घेतली होती, तिच्यात कॅसेटचा डेक होता. त्याच सुमारास माझ्या साळ्यानं पुण्याहून हातात मावणारा सीडी प्लेअर आणला आणि म्हणाला, "घ्या भाऊजी, गाडीत लावा." नवी वस्तू हा असाच काऊन देऊन राह्यला, हा माझा पहिला विचार. बिघडलेला असणार. दोन दिवस घरी वाजवून पाहिला, उत्तम वाजला. तेव्हा तर मला जास्तच खटकलं.

त्यासोबत वायर निघालेली एक खोटी कॅसेट होती. ती डेकमध्ये घालायची आणि वायर प्लेअरला जोडायची. माझ्या डेकनं ती तीनदा बाहेर थुंकली. मग शेजारच्यानं सांगितलं, बसस्टँडच्या मागे चाचांकडे जा, ते डेकच्या आतूनच वायर काढून देतील.

चाचा म्हणजे गावातले सगळ्यात जुने रेडिओवाले. एक टेबल, एक बल्ब आणि मागच्या फळीवर लोकांनी ठेवलेले टेप, रेडिओ छतापर्यंत. कोणत्याच सेटवर चिठ्ठी नाही की नाव नाही.

"पावती?" मी विचारलं.

"पावती काहाले पायजे भाऊ? कोनाचा कोनता सेट, मले याद राह्यते."

झालं. पावती न देणारा माणूस म्हटल्यावर मला पुढचं सगळं दिसायला लागलं. चांगला माल काढून घ्यायचा, जुना बसवायचा, गिऱ्हाइकाला काय कळतं? आमच्याकडे मोटर किंवा बॅटरी दुकानात टाकायची तर आधी कुठेतरी गुपचूप खिळ्यानं ओरखडा काढून ठेवतात. मी म्हटलं, डेक उद्या आणतो. घरी तो गाडीतून काढला, मागचं झाकण उघडलं आणि आतल्या सर्किटच्या प्लेटवर, टेपच्या तारा येऊन मिळतात तिथे, बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. मग नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी डेक तयार होता. मागून एक वायर बाहेर आली होती, तिच्या टोकाला पिन. चाचांनी गाडीत बसवून दिला. "रिकामी कॅसेट लावून ठेवा, टेप चालू राह्यला पायजे. गानं वायरमधून येईन," म्हणाले. गाणं सुरेख आलं. मला वाटलं, इथे सुरेख येणारच, घरी काय होते ते पाहू.

घरी सेल वाचावेत म्हणून मी प्लेअरचा चार्जर गाडीच्या सिगारेट लायटरमध्ये खोचला आणि गाणं लावलं. गाण्याच्या मागून घूंऽऽ असा आवाज. मी तिथेच डेक बाहेर ओढला, झाकण उघडलं. ठिपका नव्हता.

खरं सांगतो, मला आनंद झाला. पकडला!

मी दुकानात गेलो तेव्हा चार-पाच माणसं उभी होती. मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "चाचा, माझी प्लेट कुठी आहे?"

"हेच तुमची."

"मी निशाण केलं होतं. ते नाई आता."

चाचांनी डेक उचलून प्लेट पाहिली. "सोल्डर केल्यावर थिनरनं पुसतो भाऊ, राळ जमते. निशाण त्यातच गेलं असन."

"वा! बरोबर निशाणच पुसल्या गेलं? अन् हे घूं घूं?"

"चार्जर लावला का? सेलवर लावून पाहा."

"आता चार्जरवर ढकलू नका!"

बाजूच्या एका माणसानं हळूच फळीवरचा आपला रेडिओ काढून घेतला. "मंग येतो चाचा," म्हणाला आणि दुरुस्त न झालेला सेट काखेत मारून गेला. चाचा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मी डेक उचलून निघालो. संध्याकाळपर्यंत बाजारात तिघांना तरी ही गोष्ट सांगितली, प्रत्येक वेळी थोडं मीठ लावून.

दोन आठवड्यांनी, तोच डेक परत गाडीत बसवून, सासुरवाडीला गडचिरोलीला निघालो. मूल गाव मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं आणि ते घूं घूं बायकोच्या डोक्यात गेलं. "हे तरी काढा!" म्हणत तिनं लायटरमधला चार्जर उपटला. आवाज थांबला. गाणं स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

मी गाडी बाजूला घेतली. चार्जर खोचला, घूं. काढला, स्वच्छ. असं पाच-सहा वेळा केलं.

"काय करून राह्यले?"

"थिनरनं नेलपॉलिश जाते का?"

"जाईन नाई तं काय! रिमूव्हर संपलं का मी त्यानंच पुसते."

तरीही मन म्हणत होतं, चार्जरचं खरं असेल, पण प्लेट बदललीच नाही कशावरून? अशा मनाची मला त्या दिवशी पहिल्यांदा किळस आली.

परतल्यावर घरचा बंद पडलेला रेडिओ घेऊन चाचांकडे गेलो. त्यावर निशाण नव्हतं. तो तसाच त्यांच्याकडे ठेवून यायचा, एवढं ठरवलं होतं. दुकानात फळी रिकामी होती. टेबलासमोर एक बाक आला होता आणि त्यावर माणसं आपापला सेट मांडीवर घेऊन बसली होती. एक जण मला कौतुकानं म्हणाला, "चाचा आता समोरच खोलते. कोनाचं काही ठेवून घेत नाई. लय इमानदार!"

मी टेबलाशी वाकलो. "चाचा, चूक माही होती. घूं घूं चार्जरचीच होती." आरोप करताना जेवढा आवाज लागला होता तेवढा आता निघाला नाही. बाकापर्यंत तो गेलाच नाही.

"होते भाऊ," चाचा म्हणाले.

"हा रेडिओ ठेवून जातो. झाला का सांगा."

"नाई. बसा."

"माहा भरोसा आहे चाचा."

"बसा भाऊ. समोरच खोलतो."

माझा नंबर आला. चाचांनी रेडिओ उलटा केला, पहिला स्क्रू काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "तुमचाच आहे ना?" मी हो म्हटलं. मग दुसरा ठेवला. एकूण सहा स्क्रू होते. सहाही वेळा त्यांनी विचारलं, आणि सहाही वेळा मला हो म्हणावं लागलं.