‘भाऊ आला’ नावाचं बटण

“मॅडम, भाऊ गेले,” वर्षा फोनवर म्हणाली, आणि बातमीच्या आधी मला ते क्रियापदच लागलं. गेले! या पोरीनं अशोकभाऊंना जन्मात कधी ‘आले-गेले’ म्हटलं नव्हतं. भाऊ आला, भाऊ जेवला, भाऊ आज लय कावला. आमच्या वऱ्हाडात आदर पोटात असतो, क्रियापदात नाही. पुण्याच्या कानाला ते उद्धट वाटतं, वाटू दे. अकोल्याच्या दवाखान्यात डोक्याला पट्ट्या गुंडाळून पडलेला तो धिप्पाड माणूस एक दिवस डोळे उघडेल आणि “काहून रडून राहिल्या वं?” म्हणून पोरींवर ओरडेल, अशी आशा मी धरून बसले होते. ‘गेले’ ऐकलं आणि समजलं, संपलं. मी अमरावतीला राजापेठेतल्या माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. हातातलं लाटणं मी भिंतीवर फेकून मारलं. टवका उडून खड्डा पडला. तो अजून तसाच आहे... बुजवायचा नाही, असं घरात सांगून ठेवलंय.

अशोकभाऊ अकोल्याच्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक, मी अमरावतीत मानसशास्त्र शिकवते. आमची ओळखच भांडणातून झाली. पुण्याच्या एका संस्थेला तरुण मुलामुलींसाठी ॲप काढायचं होतं. मनाला त्रास होत असेल तर त्यावर लिहायचं, पलीकडून कुणीतरी आधार द्यायचा. त्यांनी इकडचे ‘जाणकार’ म्हणून आम्हा काही मंडळींना बोलावलं. पडद्यावर फिकं निळं आभाळ, एक फुलपाखरू आणि खाली वाक्य : ‘आज आपणांस कसे वाटत आहे?’ मागच्या खुर्चीवरून भाऊ गरजले, “हे कोनासाठी हाय?” तरुणांसाठी, सर. “मंग तरुन कुठी हायेत? इथं तर समदे टकले अन् डाय लावलेले!” त्या खोलीत डाय लावणारी मी एकटीच होते. मी त्यांना असं काही फाडून बोलले, की संस्थेची मंडळी खाली माना घालून बसली. चहाच्या वेळी भाऊ स्वतः कप घेऊन आले. “बाई, तुमच्या जिभेले धार हाय. माह्या पोट्ट्यांले अशीच बाई पायजे,” म्हणाले. पुढच्या बैठकीला ते खरोखरच आपली पोट्टी घेऊन हजर झाले, न विचारता.

मग रविवारी सकाळची गाडी पकडून अकोल्याला जायचं, हे माझं ठरून गेलं. भाऊंच्या घरावर एक मोठी खोली होती, कुस्तीच्या गाद्या अंथरलेली. त्या गाद्यांवर लोळत पोरंपोरी ते ॲप चालवून बघायची आणि त्याची सालं काढायची. एका पोरानं त्यात लिहिलं, ‘डोकं सनकून राहिलं, कोनाले तरी ठोकावं वाटते.’ उत्तर आलं, ‘कृपया सभ्य भाषेचा वापर करावा.’ आणि संभाषण बंद! भाऊंनी भिंतीवर बुक्की मारली. “पोट्टा दार ठोकून राहिला अन् हे त्याले शुद्धलेखन शिकवून राहिलं!” मग एकदम खाली बसले. म्हणाले, “माह्या बापानं मले बैलाच्या कासऱ्यानं झोडपलं. तवा मी उदास-बिदास नोतो. मले त्याले मारून टाकावं वाटे. कोनी इचारलं असतं ना... तर मी हेच सांगतलं असतं.” या माणसाचा आवाज तिसऱ्या गल्लीत जायचा, पण त्यांचा हात कुणावर उठलेला मी पाहिला नाही.

वर्षा त्याच गाद्यांवर भेटली. हे तिचं खरं नाव नव्हे. तेल्हाऱ्याची पोर, शिकायला म्हणून अकोल्यात थोरल्या भावाकडे राहायची. ती महिनाभर काहीच बोलली नाही. एका रविवारी बाही वर सरकली आणि दंडावरचे निळे वळ सगळ्यांना दिसले. तिनं बाही खाली ओढली नाही. ॲपच्या कोपऱ्यात, अडचणीच्या वेळी पटकन बाहेर पडायला म्हणून एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं ‘सुरक्षित निर्गमन’. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “मॅडम, हे वाचूपर्यंत थापड पडून जाते.” मग काय लिहावं गं? तिनं क्षणभर विचार केला. “भाऊ आला.” पोरी खो-खो हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या, कारण प्रत्येकीला आपापल्या घरचं दार आठवलं असावं. वर्षानंच पुढं सुचवलं, की बटण दाबलं की कापसाचे भाव उघडावे. “कापसाचे भाव पायनाऱ्या पोरीले कोनी मारत नाई.”

पुण्याहून निरोप आला, नाव बदला, भावना दुखावतील, भाऊ म्हटलं की राखी वगैरे आठवते. अशोकभाऊ फोनवर असे कडाडले, की खालच्या मजल्यावर वहिनींच्या हातून पातेलं पडलं. “ज्या हाताले राखी, त्याच हाताची थापड! पुन्यात दिसत नसन तर इथं येऊन पाहा!” बटण झालं.

पोरींनी त्याचा खेळ करून टाकला. दर रविवारी भाऊ कचोऱ्यांचा पुडा घेऊन जिना चढायला लागले, की खिडकीतली पोरगी ओरडायची, “भाऊ आला!” की सगळ्यांची बोटं बटणावर. भाऊ दारात उभे राहून विचारायचे, “काय भाव हाय?” आणि प्रत्येक फोनवर कापूस. हसून हसून पोट दुखायचं. असं हसू मी माझ्या वर्गात कधी ऐकलं नाही.

आणि मग त्या दीडशहाण्या संस्थेनं पोरांचा फोटो टाकला. ‘तरुणाईचा सहभाग’ असं वर लिहून, सगळ्यांची तोंडं स्वच्छ दिसतील असा. ना पोरांना विचारलं, ना आम्हाला. अरे, ज्या पोरीनं तुम्हाला लपायची जागा करून दाखवली, तिलाच चव्हाट्यावर उभी करता? तो फोटो फिरत फिरत वर्षाच्या भावापर्यंत गेला.

त्या रविवारी मी तिथेच होते. खिडकीतून पोरगी ओरडली, “भाऊ आला!” ती रडवेल्या आवाजात ओरडली होती, हे मला आता कळतं. तेव्हा सगळ्या हसल्या, फोनवर कापूस उघडला, आणि एकीनं धावत जाऊन कडी काढली.

दारात वर्षाचा भाऊ होता. हातात लोखंडी सळई. कडी काढणाऱ्या पोरीला त्यानं भिंतीवर ढकललं, वर्षाची वेणी मुठीत धरली आणि तिला गादीवरून फरफटत दाराकडे नेलं. “घरच्या गोष्टी दुनियेले सांगतं?” मी त्याचा हात धरला, त्यानं मला असं झटकलं की मी खिडकीशी जाऊन आपटले. पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, तो आवाज मी विसरू शकत नाही. तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. अशोकभाऊ आत आले, पुडा हातातून गळला. तरुणपणी फड गाजवलेला पैलवान तो. मनात आणलं असतं तर त्या पोराला उचलून खाली आदळलं असतं. त्यांनी हात उगारला नाही. सरळ वर्षाच्या अंगावर पालथे पडले. “मले मार. तिले हात लावू नको. मार मले!” तो मारत राहिला... पाठीवर, खांद्यावर, मग डोक्यावर. पोरांनी चौघांनी मिळून त्याला लोळवला तेव्हा गादी लाल झाली होती. भाऊंच्या खालून वर्षाला आम्ही ओढून काढलं. ती जिवंत होती.

भाऊंना शुद्ध आली नाही. तो पोरगा तुरुंगात आहे. त्याला तिथंच सडू दे, असं मी म्हटलं तर लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही मानसशास्त्र शिकवता. हो, शिकवते. तरी म्हणते.

दिवसपाण्यानंतर संस्थेची माणसं फोटो काढून टाकून, हात जोडत आली. म्हणाली, निदान त्या बटणाचं नाव तरी बदलू या. मलाही तेच हवं होतं. ते दोन शब्द मला पाहवत नव्हते. वर्षा कोपऱ्यातून बोलली, “पोरींच्या बोटाले ते पाठ झालं हाय. बदलसान तर एखादीचं बोट चुकन.” मग म्हणाली, “अन् मारनाराही भाऊच होता, मरनाराही भाऊच. राहू द्या.”

वर्षा आता अमरावतीला माझ्याकडे राहते. दुपारी कॉलेजातून आली की ॲपवर लिहिणाऱ्यांना उत्तरं द्यायला बसते. तिच्यासारखीच शिकवून तयार केलेली आणखी काही मुलं आहेत. मी शेजारी असते, पण उत्तरं तिची. परवा कुठल्याशा गावातली एक पोर लिहीत होती. दोन ओळी आल्या, तिसरी अर्धी आली आणि पलीकडे सगळं बंद. वर्षा पडद्याकडे बघत बसली, मी तिच्याकडे. चहा निवला. मग अक्षरं उमटली :

‘भाऊ आला होता. कापूस दाखवला. गेला.’

वर्षानं ओढणीनं नाक पुसलं आणि लिहिलं, ‘काय भाव हाय?’

‘चांगला हाय,’ तिकडून आलं. ‘आता बोलू?’